टोनोबा

टोनोबांना गिटार वाजवता येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. येते की नाही हे कुणाला ठरवता यावं इतका वेळ त्यांनी ती सलग वाजवलेलीच नाही. एक तार छेडायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे, तार विझेस्तोवर थांबायचं आणि म्हणायचं, "छे. वरचं अजून कापायला पाहिजे." मग गिटारवरचं एक बटण केसभर मागं फिरवायचं आणि पुन्हा तीच तार. साताऱ्यात शनिवार पेठेतल्या त्यांच्या माडीवरून वर्षानुवर्षं हा एकच स्वर खाली ठिबकतो आहे. शेजारच्या आजींनी मध्यंतरी निरोप धाडला होता, की तुमची टाकी गळतीय, वॉशर बदलून घ्या.

नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. बँकेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव निराळं आहे. पण खऱ्या नावाला इथं महत्त्व नाही, कारण टोनोबा ही व्यक्ती कमी आणि जमात जास्त. कॅमेऱ्याच्या भिंगांवर लाखभर रुपये घालून जन्मभर समोरच्या भिंतीच्या विटांचे फोटो काढणारे गृहस्थ याच जमातीतले. परसातल्या मातीचा सामू दर पंधरवड्याला तपासणारे आणि अजून मिरचीचं एक रोप न लावलेले तेही यातलेच. आमच्या टोनोबांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी तयारीसाठी असा विषय निवडला आहे जो सातारा-सांगलीच्या पट्ट्यात फारसा कुणाला ठाऊक नाही. त्यामुळं त्यांना चूक काढणारा भेटत नाही. दाद देणाराही भेटत नाही, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही.

त्यांना हवा आहे जॅझ गिटारचा जुना, अस्सल टोन.

तो कसा असतो हे त्यांना विचारू नये. मी विचारलं होतं. "गरम वरणभातावर तूप सोडलं की ते आधी थांबतं आणि मग पसरतं. तसा," ते म्हणाले. "त्यातलं आधी थांबणं महत्त्वाचं." आतून वहिनी म्हणाल्या, "तूप संपलंय. येताना आणा."

गंमत सोडली तर हा टोन म्हणजे काही भोंदूगिरी नाही. सूर गोल हवा, जाड हवा, त्यात धातूचा खणखणाट नको, आणि तरीही तो बुजलेला नको. १९३९ साली ओक्लाहोमात वाढलेला चार्ली ख्रिश्चन नावाचा पोरगा बेनी गुडमनकडं वाजवायला आला. तोवर बँडमधली गिटार म्हणजे मागं बसून ठेका धरणारी. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गलक्यात तिचं ऐकतंय कोण? ख्रिश्चनकडं गिब्सनची ईएस-१५० ही विजेवरची गिटार होती. तिच्यावर त्यानं सॅक्सोफोनवाले वाजवतात तशा एकेका सुराच्या लांबलचक ओळी वाजवल्या आणि गिटार पुढच्या रांगेत आणून बसवली. १९४२ मध्ये क्षयानं गेला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. हे सांगताना टोनोबांचा गळा दाटून येतो. मात्र त्या अडीच वर्षांत तो काय काय वाजवून गेला हे ते सांगत नाहीत. कुठल्या पिकअपवर वाजवून गेला ते सांगतात.

या टोनची कृतीही तशी सोपी. गिटार पोकळ अंगाची, पोट फुगीर, त्यावर व्हायोलिनला असतात तशी दोन भोकं. तारांची थरथर टिपणाऱ्या दोन पिकअपपैकी मानेजवळचा चालू ठेवायचा. तारा जाड आणि चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या. एरवी उघडी असते ती तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. अँप्लिफायर स्वच्छ आवाजाचा. टोनचं बटण खाली. झालं. ही सगळी विद्या एका पोस्टकार्डावर मावते आणि खाली 'आता वाजवा' एवढं लिहायला जागा उरते. टोनोबांना आलेल्या पोस्टकार्डावर नेमकी ती ओळ राहून गेली आहे.

गिटार त्यांनी मुंबईहून आणली. कोयना एक्सप्रेसमध्ये वरच्या फळीवर ती पेटी बसेना, म्हणून टोनोबा तिला मांडीवर आडवी घेऊन आले. समोरच्या काकूंनी सतार आहे का विचारलं, मग वीणा आहे का विचारलं, आणि शेवटी "कीर्तन कुठं आहे बुवा?" असं म्हणून पेटीवर अकरा रुपये ठेवून नमस्कार केला. टोनोबांनी ते परत केले नाहीत. त्या गिटारीची आजवरची कमाई तेवढीच.

लाकूड हवा ओळखतं. साताऱ्याच्या पावसात ते ओल पिऊन फुगतं, सांगलीच्या उन्हात आकसतं. मग गिटारची मान हलते, तारा वरखाली होतात, आणि टोनोबा बारका पाना घेऊन मानेतला लोखंडी गज पिळत बसतात. "साताऱ्यात मान अगदी सरळ असते हो. सांगलीत गेलं की वाकते," असं त्यांनी एका मुंजीत चारचौघांत सांगितलं. सांगली ही त्यांची सासुरवाडी. ते गिटारीबद्दल बोलताहेत हे तिथं कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

सासुरवाडीला जायला मात्र ते कधी नाही म्हणत नाहीत, कारण सांगलीत मोटर रिवायंडिंगची दुकानं आहेत. भोवती उसाचा मुलूख, विहिरीविहिरीवर पंप, त्यामुळं जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर मुबलक. टोनोबांच्या पिकअपची एक गुंडाळी तुटली होती. ती कागदाच्या पुडीतून काढून त्यांनी एका कारागिरासमोर ठेवली.

"किती एचपीची, पावणं?"

"मोटर नाही ही. पिकअप आहे."

"मग गाडी कुठं लावलीया?"

टोनोबांनी तिथंच, ग्रीसच्या डब्यावर बसून, सगळं समजावून सांगितलं. चुंबकावर तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळायची, एका गुंडाळीत साधारण पाच हजार वेढे. गिटारची पोलादी तार वर थरथरली की त्या गुंडाळीत इवलीशी वीज उठते. पण अशी एकटी गुंडाळी घरातल्या विजेची गुणगुणही पकडते. म्हणून गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरनं दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या. गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते आणि सूर तेवढा उरतो. १९५५ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. यालाच हंबकर म्हणतात. कारागिरानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पर पानी किती फुटांवरनं उचलतंय?"

त्या गुणगुणीचाही टोनोबांचा स्वतंत्र अभ्यास आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा सूर पाश्चात्त्यांच्या 'जी'च्या किंचित वर. अमेरिकेची ६० हर्ट्झची, तो सूर 'बी फ्लॅट' आणि 'बी' यांच्या मधे कुठंतरी. "म्हणजे बघा, चार्लीची शांतताच वेगळ्या पट्टीतली होती," असं म्हणून ते खिन्न होतात. अशा वेळी त्यांना चहा द्यावा. उपाय लागू पडत नाही, पण विषय बदलतो.

कपॅसिटरचं प्रकरण साताऱ्यातलं. टोनचं बटण खाली केलं की तीक्ष्ण कंपनं एका छोट्या कपॅसिटरमधून निघून जातात आणि मऊ तेवढी पुढं येतात. हा कपॅसिटर बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. राजवाड्याकडच्या एका दुकानात टोनोबांनी कपॅसिटर मागितला, तर दुकानदारानं न विचारता पंख्याचा दिला: अडीच मायक्रोफॅरड, म्हणजे शंभरपटीहून मोठा. टोनोबांनी तो गिटारच्या पोटात बसवला आणि बटण खाली केलं. गिटारमधून आवाज येणंच थांबलं. ते बराच वेळ त्या शांततेला कान लावून बसले. "मऊ आहे," शेवटी म्हणाले. "पण जरा जास्तच मऊ आहे."

वेस माँटगोमेरी हे त्यांचं दैवत. इंडियानापोलिसचा हा माणूस दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. घरी रियाज करताना शेजाऱ्यांना त्रास व्हायला लागला, म्हणून त्यानं तार छेडायची पट्टी टाकून दिली आणि अंगठ्यानं वाजवायला सुरुवात केली. त्या अंगठ्यातून जो मखमली आवाज निघाला त्यानं १९६० च्या सुमाराला जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली. शेजाऱ्यांच्या तक्रारीतून इतकी चांगली गोष्ट निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आमच्या सोसायटीत तरी नाही. टोनोबांनी अंगठा लगेच उचलला. वेसच्या अंगठ्याच्या कडेला घट्टा पडला होता, तो कसा पडत असेल याचा त्यांनी बराच विचार केला. वाजवून पडत असेल ही शक्यता त्यांनी सर्वांत शेवटी ठेवली. "बँकेत आयुष्यभर अंगठे पाहिले," ते म्हणतात, "पण तसा अंगठा पुन्हा होणे नाही."

जिल्ह्याचा अभिमान म्हणून एखादा त्यांना सांगायला जातो, की फ्रेडी मर्क्युरी आपल्याच पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथंच पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून पियानो वाजवायचा. "हो," टोनोबा म्हणतात, "चांगल्या शाळेत होता. पुढं बिघडला." रॉक संगीताविषयी त्यांचं एकूण मत या दोन शब्दांत मावतं.

मी एकदा त्यांना आपल्या बाजूनं गाठायचा प्रयत्न केला. म्हटलं, जॅझ आपल्याला काही परका नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकातच तो वाजत होता. रात्री तिथं वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा ट्रम्पेटवाला तर आपल्या सी. रामचंद्रांच्या साथीला होता. १९५१ च्या 'अलबेला'वर तुमचे वडील थिएटरात शिट्ट्या मारत होते ना, त्या शिट्ट्यांत निम्मा जॅझ होता. टोनोबांनी हे फार गंभीरपणे ऐकलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि भगवानदादांचं एखादं गाणं तरी छेडेल. "त्यात गिटार कुठल्या अँपवर होती?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरं गाठलं ते मिरजेनं.

जॅझ गिटारची घोडी खिळ्यांनी ठोकलेली नसते. लाकडाची घोडी फुगीर पोटावर नुसती टेकलेली असते आणि तारांच्या दाबानं जागेवर राहते. टोनोबांना वाटलं, शिसवीची चांगली जड घोडी करून घेतली की टोन बसेल. आणि घोडी करून घ्यायची तर मिरजेखेरीज कुठं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रं घडवणाऱ्या-पाजळणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तिथं तंतुवाद्यं करायला घेतली, तेव्हापासून तो धंदा तिथल्या घराघरांत आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, तुणीचं लाकूड येतं, आणि सतारमेकर गल्लीतून तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या गावात अब्दुल करीम खाँ राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेताहेत, त्या गावातल्या कारागिराचा कान कसा असेल, हे वेगळं सांगायला नको.

मी सोबत होतो. कारागीर साठीचे, चष्मा कपाळावर, हातात कानस, पुढ्यात अर्धा तंबोरा. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी केली, पोटावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकली आणि म्हणाले, "लाकूड बरं आहे. छेडा साहेब." टोनोबांनी त्यांची ती सुप्रसिद्ध तार छेडली. कारागिरांनी शेवटपर्यंत ऐकली. ती तार शेवटपर्यंत ऐकून घेणारा दुसरा माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला.

"बंद जवारी पाहिजे तुम्हाला," ते म्हणाले.

टोनोबांचा चेहरा असा उजळला की त्यांच्या लग्नाच्या फोटोतही तो तेवढा उजळलेला नाही. इतक्या वर्षांत त्यांचं दुखणं कुणी नाव घेऊन सांगितलं नव्हतं. मग कारागिरांनी समजावलं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नजरेला न दिसणारा उतार असतो. कानशीनं तो असा घासायचा की थरथरणारी तार त्याच्यावर टेकत-सुटत राहील. त्यातून सुरांवर सूर उमलतात, झंकार उठतो. खाली दोरा सरकवून तो नेमका करायचा. ती उघडी जवारी. उतार जरा जास्त दिला की तार पटकन सुटते, झंकार आत राहतो, आवाज गोल होतो. ती बंद. रविशंकरांची सतार उघडी बोलायची, विलायत खाँची त्या मानानं बंद. "आम्ही झंकार बसवायला दिवस घालतो," ते हसून म्हणाले, "आणि तुम्ही तो काढायला आलाय. काढून देऊ. त्यात काय."

आणि मग त्यांनी ते विचारलं. "आता काहीतरी वाजवा."

टोनोबांनी तार छेडली.

"ते झालं साहेब. चीज वाजवा. धून, गत, काय असेल ते. गवयाचा तंबोरा करतो तेव्हा गवई समोर बसून गातो, मी ऐकतो, मग कानस लावतो. बायकांच्या गळ्याला एक, पुरुषांच्या गळ्याला एक. तुम्ही काय वाजवणार ते ऐकल्याशिवाय घोडी कशाच्या मापानं घासू?"

गल्लीतून एक रिक्षा गेली. टोनोबा गिटारच्या भोकांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आधी टोन लागू दे. मग वाजवतो." कारागिरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कानस पुन्हा तंबोऱ्याला लावली. घोडी झाली नाही ती झालीच नाही. सांगलीच्या बसमध्ये टोनोबा बराच वेळ गप्प होते. विश्रामबाग आल्यावर म्हणाले, "माणूस जाणकार आहे. पण घाई फार करतो." ज्या गावात एकेका भोपळ्याला वाळायला महिनोन्‌महिने देतात, तिथल्या माणसाविषयी हे मत आहे, याची नोंद असावी.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या बेंजो पार्टीचा अँप मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बसला. बेंजोवाला पोरगा टोनोबांचा अँप मागायला माडीवर आला. बेंजो पार्टीचा टोन काय असतो हे ज्यानं साताऱ्याची मिरवणूक ऐकली आहे त्याला माहीत आहे: सगळी बटणं वर, वर एको, आणि खिडक्यांच्या काचांना थरथर. टोनोबा अँप देणार नव्हतेच. पण पोराला गिटार दिसली. "काका, बघू का जरा?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं ती उचलली, मांडीवर घेतली, बेंजोची पट्टी सापडेना म्हणून अंगठ्यानंच सुरू केलं.

काय वाजवलं विचाराल तर वरातीतलंच काहीतरी. पण सावकाश वाजवलं, कारण गिटारवर त्याची बोटं नवी होती. बटण खाली होतं, तारा जाड होत्या, खोली लाकडी होती. त्या माडीतून पहिल्यांदाच एका स्वरामागून दुसरा स्वर निघाला आणि तो गोल, जाड आणि शांत होता. वहिनी पोळ्या टाकून, हाताला पीठ तसंच, दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या आजींनी खिडकी उघडली. टोनोबा डोळे मिटून ऐकत होते. आम्हाला वाटलं, लागला. एकदाचा टोन लागला.

धून संपली. टोनोबांनी डोळे उघडले आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस?" ते म्हणाले. "चौथ्या तारेला गुणगुण आहे. मला कधीची शंका होती."

अँप त्यांनी त्याला देऊन टाकला. तसाही त्यांना तो नकोच होता, कारण आता त्यांचं मत असं, की ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये माया नसते. माया फक्त व्हॉल्व्हमध्ये. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना मागं ग्रामोफोन जोडायची सोय असे, तिथं गिटार जोडली की आवाज येतो. हे खरं आहे. पण त्यातल्या काही स्वस्त सेटांमध्ये आतली लोखंडी चासी थेट घरातल्या विजेला जोडलेली असते आणि गिटारच्या तारा वायरीमार्फत त्याच चासीला जाऊन मिळतात, हेही तेवढंच खरं. टोनोबांनी जुन्या बाजारातून आणलेला पहिलाच रेडिओ या प्रकारचा निघाला. तारेला अंगठा लावताच ते माडीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले. वहिनींनी खटका पाडला. सावरल्यावर टोनोबांचं पहिलं वाक्य होतं, "सुरुवात फार तीक्ष्ण आहे. वरचं कापायला पाहिजे."

तेव्हा सातारा-सांगलीच्या वाचकांना वहिनींच्या वतीनं विनंती: माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून असेल तर तो भंगारात घाला, पण टोनोबांना कळू देऊ नका. गिटारवर एक अख्खं गाणं वाजवता येणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्याला मात्र जरूर पाठवा. दोन वेळच्या जेवणाची सोय होईल. तूप आणलेलं आहे.